सैल ओळी

खेमराज डबा न घेताच बांधीत, धानाच्या शेतात, गेले. भागीरथा डबा भरायला विसरली होती असं नाही. भात झाला होता, वांग्याची भाजी झाली होती, घासलेला डबा पुढ्यात पालथा होता. ती त्या डब्याकडे बघत बसली, आणि नवरा सायकल काढून निघून गेला.

"आई, बाबा उपाशी गेले अन तुमी डब्याकडं पाहून राहिल्या," रचना, तिची सून, अंगण झाडता झाडता म्हणाली. "डबा का चालत जाणार हाये त्याइच्या मागं?"

"नेऊन दे."

"नेईन. पयले तुमी चहा घ्या. हा तिसरा कप हाये. दोन गार करून ओतले म्या."

भागीरथानं कप हातात घेतला. गरम आहे हे तिला कळत होतं, पण चटका बसत नव्हता. गेले एकवीस दिवस हे असंच चाललं होतं. खाल्लेलं कळायचं, चव कळायची नाही. कोणी बोललं तर ऐकू यायचं, पण शब्द आणि तिच्यामध्ये कोणी गोधडी टाकल्यासारखं व्हायचं. रडू आलं नव्हतं. रडायला कोणी बसलंही नव्हतं तिच्याजवळ. माणूस गेलं की गावातल्या बाया येतात, भिंतीला टेकून बसतात, गेलेल्याचं चांगलंचुंगलं बोलतात. पण यांगझोम भागीरथाची कोण? सोयरी नाही, गावची नाही, जातीची नाही. तिबेटी कॅम्पात गालिच्याच्या एका मागावर चोवीस वर्षं शेजारी बसलेली बाई, एवढंच. अशा बाईच्या नावानं भेटायला जायची रीत केशोरीत नाही.

दारावर टकटक झाली.

रचनानं खराटा थांबवला. केशोरीत दार कोणी वाजवत नाही. अंगणात येतात, हाक मारतात, आणि हाक मारेपर्यंत निम्मे आत आलेले असतात. दार उघडंच होतं, तरी उंबऱ्याबाहेर उभं राहून कोणी तरी बोटाच्या पेरानं चौकटीवर वाजवत होतं.

यांगझोमची लेक होती, पेमा. निळं जाकीट, केस मागे घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. ती बंगलोरला एका शाळेत शिकवते. तिथंच तिला दार वाजवायची सवय लागली असणार. पण तोंड उघडलं की कॅम्पात वाढलेली पोरगी लगेच ओळखू यावी.

"मावशी, येऊ का आत?"

"ये ना वं. इचारतं काय?" रचनाच बोलली. "बस. चहा हाये, चौथा."

पेमा बसली नाही. "मावशी, मास्तर तुमचा मागावरला गालिचा उतरवून राहिले आज. मी उद्या चालली. तुमी आल्याबिगर कात्री लावत नाई म्हणते."

भागीरथानं कप खाली ठेवला. "आजच?"

"आजच. काल तिसऱ्या हप्त्याची पूजा झाली. मंग मी एकदम एकोणपन्नासाव्यालेच येईन. तवरिक माग अडवून ठेवता येत नाई."

त्यांच्यात माणूस गेल्यावर एकोणपन्नास दिवस पूजा चालतात, दर सातव्या दिवशी एक. यांगझोमच यावरून चिडवायची, "तुमचा भंते एका सकाळीत काम उरकते. आमच्या लामाले एकोणपन्नास दिवस लागते. आता सांग, कोनाचा मुर्दा भारी?" भागीरथाच्या घरची बुद्धाची तसबीर पहिल्यांदा पाहिली तेव्हाही ती म्हणाली होती, "हा बुद्ध लय दुबळा हाये वं भागी. याले जेवू घालत नाई का तुमी?"

"जा ना आई," रचना म्हणाली. "एवढी पोरगी बलवाले आली."

भागीरथा उठली, पायात चप्पल घातली. लुगडं बदलायचं तिच्या लक्षात आलं नाही, आणि रचनानंही आठवण केली नाही.

पेमाच्या स्कूटीवर मागे बसून ती निघाली. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या होत्या. याच रस्त्यानं ती चोवीस वर्षं सायकलनं गेली होती. लग्नानंतर चार वर्षांनी कोणी तरी सांगितलं, कॅम्पात गालिच्याच्या कामाला बाया घेऊन राहिले. तिबेटी पोरी शिकून बाहेर चालल्या होत्या, मागांवर हात कमी पडत होते. गावातल्या सहा बाया गेल्या. महिन्याभरात चौघी परत आल्या, पाठ धरते म्हणून. पाचवी लेकरू झाल्यावर सुटली. भागीरथा राहिली.

तिला यांगझोमच्या डाव्या हाताला बसवलं होतं. मोठा गालिचा सहा फूट रुंद असतो, दोघींनी मिळून विणायचा. उभ्या मागावर सुताचा ताणा, खाली फळी, फळीवर दोघी. प्रत्येकीकडे एक लोखंडी सळई. लोकरीचा धागा ताण्यातून घ्यायचा, सळईवरून गुंडाळायचा, परत ताण्यात. सळई भरली की ठोकून खाली बसवायची आणि तिच्यावरचे सगळे वेढे सुरीनं कापून काढायचे. सळई मोकळी होते, लोकर उभी राहते, एक ओळ झाली. मग आडवा धागा, मग पंज्यानं, म्हणजे लोखंडी फणीनं, ठोकणं, मग दुसरी ओळ. अशा हजारभर ओळी झाल्या की एक गालिचा होतो.

नक्षीचा कागद मात्र एकच, आणि त्यावर नक्षी अर्धीच काढलेली. समोरासमोर तोंड केलेले दोन ड्रॅगन असले तरी कागदावर एकच असतो. दुसरा त्याचं आरशातलं रूप, म्हणून तो काढायची गरज नाही. उजवीकडची बाई कागद बघून मोठ्यानं आकडे सांगते, डावीकडची ते ऐकून उलट्या बाजूनं विणते. कागद यांगझोमकडे असायचा. "चिक, नी, सुम, शी..." तिबेटी एक-दोन-तीन भागीरथा त्याच आवाजात शिकली. शेवटी तर बाजारात वांगी मोजून घेताना तिच्या तोंडून "सुम" निघायचं आणि भाजीवाली तिच्याकडे पाहत राहायची.

जोडीचा एक रिवाज होता. कागदावर नव्हता, मास्तरांनी शिकवला नव्हता, पण सगळ्या जोड्या पाळायच्या. एकीची एखादी गाठ चुकली आणि वेढे कापून झाल्यावर ते लक्षात आलं, तर उसवायचं नाही. दुसरीनं आपल्या बाजूला तीच गाठ तशीच चुकवायची. दोन्हीकडे सारखं झालं की चूक दिसत नाही, नक्षीच वाटते. महिन्यातून एखाद वेळा असं व्हायचं. यांगझोम कोपरानं ढोसायची, "भागी, माह्या ढगाले एक शेपटी जास्त झाली. तुयावाल्यालेही लाव." मग दोघी हसायच्या.

कॅम्पात शुकशुकाट होता. थंडीचे दिवस, अर्धी माणसं स्वेटर विकायला शहरांत गेलेली. गालिचा केंद्राच्या लांब हॉलमध्ये चौदा मागांपैकी तीन चालू होते. त्या तिघी-चौघींनी भागीरथाला पाहून माना हलवल्या आणि पुन्हा सळईवर नजर लावली. कोपऱ्यातल्या मागावर यांगझोमचा आणि तिचा गालिचा तसाच होता, निम्म्याच्या वर आलेला. खाली डोंगर आणि लाटांची किनार, त्यावर दोन निळे ड्रॅगन, एकमेकांकडे तोंड करून. मानेपर्यंतच झालेले. डोकी नव्हती.

केंद्राचे दोर्जे मास्तर चष्मा कपाळावर सरकवून उभे होते. साठीचे, कोरडे, बोलणं अर्धं हिंदीत.

"आ गई? बहोत दिन लगाए बाई."

"हाओ मास्तर."

"दुसरी औरत बिठा के पूरा कर सकता था मैं. पार्टी फोन पे फोन करून राहिली. मगर नहीं. हाथ बदला की गालिचा बदलतो. पार्टीको बोल दिया, नया बना के देगा." त्यांनी पेमाकडे पाहिलं. "जोडी में से कोई गया तो गालिचा वहीं पे उतारते है, घरवालों को देते है. एक तरफ जोडीदारीण काटती, एक तरफ घर का आदमी. मेरे बाप के टाइम से यही है."

पेमा गालिच्यासमोर उभी राहिली. तिनं उजव्या बाजूच्या निळ्या लोकरीवरून तळवा फिरवला, खालून वर, हळूहळू. "मावशी, हा मी बंगलोरले हॉलमधी लावीन. सोफ्याच्या मांगच्या भितीवर. वरून लाइट सोडून. आमाचा शेवटचा हाये ना. येनारा-जानारा पाहील." आईला ती तिबेटीत आमा म्हणायची.

"लगा, लगा," मास्तर म्हणाले. "लाइट ऊपर से नहीं, सामने से देना."

भागीरथा आपल्या जागेकडे गेली, डावीकडे. फळीवर तिचा पंजा आणि सुरी होती तशीच पडलेली. शेजारी यांगझोमची सळई ताण्याला टेकून उभी होती, तिच्यावर अकरा वेढे. अकराव्या वेढ्यानंतर धागा लोंबत होता. त्या वेढ्यानंतर यांगझोम फळीवरून खाली बसली होती, पडली नव्हती, नुसती बसली होती, आणि तिनं भागीरथाला विचारलं होतं, "माहा हात कोठी गेला?" हात मांडीवरच होता.

नागपूरला नेलं. डोक्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. हे मास्तरांनीच हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, हातात फोन धरून. सगळ्या बाया म्हणाल्या, कोनाले मालूम होतं. भागीरथाही म्हणाली, कोनाले मालूम होतं. तेरा दिवसांनी यांगझोम गेली.

पेमानं कात्री उचलली. गालिचा उतरवायची कात्री मोठी असते, शिंप्याकडे कापड कापायला असते त्याहून मोठी. मास्तरांनी दुसरी कात्री भागीरथासमोर धरली.

भागीरथानं ती घेतली नाही.

"पेमा," ती म्हणाली, "कापाच्या आंधी मांगून पाहून घे."

"काय पाहू?"

"ये इकडं."

मागाच्या पाठीमागे गालिच्याची उलटी बाजू दिसते. तिथं लोकर उभी नसते, नुसत्या गाठी असतात, पोत्यावर मोहऱ्या चिकटवल्यासारख्या. पुढून काय झाकलंय ते मागून दिसतं. भागीरथानं पेमाचं बोट धरलं आणि लाटांच्या किनारीवर ठेवलं.

"अठी एका बोटात अकरा ओळी हायेत. मोज."

पेमानं मोजल्या. अकरा होत्या.

भागीरथानं तिचं बोट वर नेलं, यांगझोमच्या ड्रॅगनच्या पुढच्या पायावर. "आता अठी मोज."

पेमानं मोजल्या. पुन्हा मोजल्या. "आठ."

"हाओ."

"मंजे?"

"मंजे गाठी सैल हायेत. ओढ नाई त्याइले. तुया मायचा डावा हात धागा ओढत नव्हता." भागीरथाचा आवाज सरळ होता, भाव सांगणाऱ्या दुकानदारासारखा. "पोळ्याच्या आंधीपासून. पयले म्हणलं, थकली असल. मंग आकडेही चुकून सांगे. चिक, नी, शी. सुमच नाई. मी आयकून घेई."

पेमाचं बोट आठ ओळींवर तसंच होतं. तिनं दुसऱ्या टोकाकडे पाहिलं, भागीरथाच्या बाजूला. तिथंही मोजलं.

"तुमच्या बाजूलेही आठ हायेत."

"म्या सैल केल्या."

"काऊन?"

"एकाच बाजूनं सैल असलं तं मास्तर पाहते. गालिचा वाकडा येते. दोन्हीकडून सारखं असलं तं दिसत नाई." भागीरथानं ड्रॅगनच्या पायाकडे बोट केलं. "नख्या चार पायजेत. तिनं तीन केल्या. म्याही तीन केल्या. पाठीवरचे खवले तिचे एकीकडं सरकले, तं म्या माह्यावाले दुसरीकडं सरकवले. महिना-दीड महिना हेच केलं. तिची चूक झाली की मी आपल्याकडं उतरवून घेई."

मास्तर मागाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली आणला, डोळ्यांवर घेतला, आणि पुढच्या बाजूनं वाकून नख्या मोजल्या.

पेमा लोकरीच्या गठ्ठ्यावर बसली. हॉलमध्ये तीन मागांवर पंजे ठोकल्याचा आवाज येत होता, ठक, ठक, थांबून, ठक.

"आमाले सोताले समजत होतं?"

"एक डाव बोलली. भागी, आजकाल लोकर जड येऊन राहिली. म्या म्हणलं, लोकरच खराब हाये यावर्षीची."

"मले एक फोन करायचा होता, मावशी."

"हाओ."

"मी सुट्टी टाकून आली असती. त्याच दिवशी."

"हाओ, आली असती."

"मंग काऊन नाई केला?"

उत्तर भागीरथाला महिनाभरापासून माहीत होतं. नागपूरचा निरोप आला त्या दिवसापासून. तोंडातून काढायचं तेवढं राहिलं होतं.

"जिचा माल चुकते तिले मास्तर मागावरून उठवते. गुंड्यांच्या खोलीत बसवते, लोकर गुंडाळाले. तिले तठी बसवलं असतं. मंग माह्या बाजूले दुसरी बाई आली असती. तिच्यासाठी नाई लपवलं म्या. तसं म्हणन तं खोटं होईल. माह्यासाठी लपवलं. मले दुसऱ्या कोनासंगं बसाचं नव्हतं."

पेमानं मान खाली घातली. रागानं काही बोलेल असं भागीरथाला वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं असंही वाटलं, निदान काही तरी लागलं असतं आत. पण पेमानं जाकिटाच्या बाहीनं नाक पुसलं, आणि ती त्या मोहरीसारख्या गाठींकडे पाहत राहिली.

"व्हिडिओ कॉलवर ती कप दोन हातांनी धरे," ती शेवटी म्हणाली. "मले वाटे थंडी वाजत असल. ऑगस्टात." मग तिनं मान हलवली, जणू ते कशालाच उपयोगी नव्हतं. "नाई. ते येगळं. तुमी तं बाजूले बसून होत्या."

"हाओ."

"रोज."

"रोज."

"कटिंग करना है की नहीं?" मास्तरांनी पलीकडून विचारलं. आवाज नेहमीसारखा नव्हता. "नहीं करना तो रहने दो दो-चार दिन. मैं पार्टीको बोलता हूँ."

"करना है," पेमा उठत म्हणाली.

दोघी पुढच्या बाजूला आल्या. पेमा उजवीकडे, यांगझोमच्या जागेवर. भागीरथा डावीकडे. मास्तरांनी यांगझोमच्या सळईवरचे अकरा वेढे आपल्या सुरीनं कापले आणि सळई बाजूला ठेवली. मग दोन कात्र्या ताण्याला लागल्या.

ताण्याचं सूत ओढून धरलेलं असतं. कात्री लागली की प्रत्येक धागा टणत्कार करत सुटतो. भागीरथानं आजवर कितीतरी गालिचे उतरवले होते. दर वेळी शेजारून यांगझोमची बडबड असायची, "हळू वं, माह्या डोळ्यात उडवशीन." आज फक्त धागे सुटत होते. पेमाला सवय नव्हती, तिची कात्री अडकायची, ती पुन्हा बसवायची. भागीरथा हात आखडता घेऊन तिच्या चालीनं कापत होती, म्हणजे दोघी मधोमध एकाच वेळी पोचतील. आपण असं करतोय हे अर्ध्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं. मग तिनं चाल बदलली नाही, तशीच ठेवली.

मधोमध दोन कात्र्या भेटल्या. गालिचा स्वतःच्या वजनानं खाली आला, फळीवर आपटला, लोकरीची धूळ उडाली. मास्तरांनी तो पसरला, वरच्या कडेचे मोकळे धागे चार-चार करून गाठले, उसवू नये म्हणून. ते काम त्यांनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. गुडघ्यावर बसून, चष्मा नाकावर, एकेक गाठ मारत गेले. बोलले एवढंच, "पंद्रह साल की थी, जब पहिली बार बैठी. मैंने ही बिठाया था."

मग त्यांनी गालिचा गुंडाळला आणि पेमानं सुतळीनं दोन जागी बांधला. गुंडाळी खांद्यापर्यंत आली. मास्तर आणि पेमा दोघांनी ती बाहेर नेली, स्कूटीच्या पुढच्या जागेत उभी केली. भागीरथा मागोमाग आली. ऊन चांगलं वर आलं होतं. कॅम्पाच्या देवळावरच्या रंगीत पताका हलत होत्या, त्यांच्याकडे बघूनही तिला काही वाटलं नाही.

"घरी सोडून देऊ का तुमाले?" पेमानं विचारलं. तिनं भागीरथाकडे पाहिलं नाही, सुतळी पुन्हा पुन्हा तपासत राहिली.

"नोको. यावर जागा कोठी हाये आता. बसनं जाईन."

"बरं."

पेमानं स्कूटीची चावी फिरवली. भागीरथा तिच्याजवळ गेली आणि गुंडाळीवर एक हात ठेवला.

"पेमा."

"काय?"

"भितीवर नोको लावू. खाली आथरजो. बसाले."